आयपीव्ही६ पत्ता मध्येच तुटल्यासारखा का दिसतो? तो वाचायचा कसा?

आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवरच्या उपकरणांना पत्ते देण्याची नवी पद्धत. तुम्ही विचारलंय की फोनच्या सेटिंगमध्ये चार आकड्यांच्या ओळखीच्या पत्त्याखाली ‘एफई८०::१सी:४०:७एफ:२ई१’ असं काहीतरी दिसतं, त्यात पाचच तुकडे आहेत, मग तो अर्धवट छापलाय का? नाही, पूर्ण आहे. गाळलीत ती फक्त शून्यं.

आधी एक खुलासा. ही अक्षरं मी इथे देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात ती रोमन असतात. आणि मधली दोन टिंबं म्हणजे कोलन, विसर्ग नव्हे. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला विसर्ग चालत नाही.

जुना (आयपीव्ही४) पत्ता ३२ बिटांचा (एक बिट म्हणजे एक ० किंवा १), म्हणजे ० ते २५५ मधले चार आकडे. असे पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले. नवा पत्ता १२८ बिटांचा आहे. तो जुन्याच पद्धतीने लिहायचा तर सोळा आकडे लागले असते. त्याऐवजी सोळाच्या पायाची मोजणी घेतली, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. एका चिन्हात बरोबर चार बिट बसतात. चार चिन्हांचा एक गट, असे आठ गट, मध्ये कोलन:

२००१:०डीबी८:००००:००००:००८ए:००००:००००:००१एफ

(२००१:डीबी८ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेत, त्यामुळे हा कुणाचाही नाही.)

एवढं रोज कोण लिहिणार? म्हणून दोन सवलती आहेत. पहिली, गटाच्या सुरुवातीची शून्यं गाळता येतात. ००८एचं ८ए होतं. शेवटची मात्र गाळायची नाहीत, कारण ८ए० आणि ८ए या दोन वेगळ्या संख्या आहेत. दुसरी, सलग शून्य-गटांच्या जागी नुसतं ‘::’ लिहायचं. पण हे पत्त्यात एकदाच. वरचा पत्ता कुणी २००१:डीबी८::८ए::१एफ असा लिहिला तर गाळलेले गट चार आहेत एवढंच कळतं. ते एक-तीन वाटायचे, दोन-दोन की तीन-एक, हे कळायला मार्ग नाही. म्हणून बरोबर रूप असं:

२००१:डीबी८::८ए:०:०:१एफ

दुसऱ्या जोडीऐवजी पहिलीच का गाळली? इथे खरी गंमत आहे. मूळ नियमांनी सवलत दिली, सक्ती नाही केली. त्यामुळे एकच पत्ता पाच-सहा प्रकारे लिहिता यायचा आणि सगळे बरोबर. मी स्वतः यात पोळलोय. एका सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) एक पत्ता शोधत होतो, निकाल शून्य. तिकडून येणारी रिक्वेस्ट तर समोर दिसत होती. अर्धा दिवस फायरवॉलला (नको ती वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेला) शिव्या घातल्यावर लक्षात आलं की लॉगमध्ये पत्ता सगळ्या शून्यांसकट होता आणि मी आखूड रूप शोधत होतो. मशीनला पत्ता म्हणजे एक संख्या. शोधणाऱ्या प्रोग्रॅमला तो नुसता मजकूर.

हा घोळ मिटवायला ऑगस्ट २०१०मध्ये आरएफसी ५९५२ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आला. लिहिताना एकच रूप वापरा, असं त्याचं म्हणणं. सुरुवातीची शून्यं गाळायचीच. ‘::’ शून्य-गटांच्या सर्वांत लांब ओळीला, बरोबरी असेल तर पहिल्या ओळीला, आणि एकट्या शून्य-गटाला कधीच नाही. अक्षरं लहान लिपीत. हा शेवटचा नियम देवनागरीत दाखवता येत नाही, पण कारण पटण्यासारखं आहे: मोठ्या लिपीतला डी शून्यासारखा आणि बी आठासारखा दिसतो. डीबी८ फोनवर वाचून दाखवणाऱ्याला विचारा! वाचताना मात्र प्रोग्रॅमने सगळी वैध रूपं स्वीकारायची असतात.

ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना तो चौकोनी कंसात लिहा: [२००१:डीबी८::१]:४४३. कंस नसेल तर ४४३ हा पोर्ट (त्या मशीनवरच्या नेमक्या सेवेचा क्रमांक) आहे की पत्त्याचाच शेवटचा गट, हे ठरत नाही, कारण २००१:डीबी८::१:४४३ हाही वैध पत्ताच आहे.

आता तुमचा पत्ता. पाच गट दिसतात, म्हणजे ‘::’च्या जागी तीन शून्य-गट. एफई८०ने सुरू होणारा पत्ता फक्त त्या एका नेटवर्कपुरता असतो, राउटर तो पुढे जाऊ देत नाही. म्हणून कधीकधी त्याच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि डब्ल्यूलॅन०सारखं नाव दिसतं. कोणत्या जोडणीवरचा पत्ता, ते त्यावरून कळतं. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता हवा असेल तर त्याच यादीत २ किंवा ३ने सुरू होणारी ओळ शोधा.