श्टुटगार्टला निघालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

जर्मन माणूस तुसडा असतो, असं तुला आतापर्यंत चार जणांनी सांगितलं असेल. पहिल्या महिन्यात तुलाही तसंच वाटेल. पण तो तुसडेपणा नसतो. जर्मन माणूस शब्द जसाच्या तसा घेतो, एवढंच. आपलं ‘बघू’, ‘जमवतो’, ‘आलोच पाच मिनिटांत’ तिथे चालत नाही. तू ‘शुक्रवारी देतो’ म्हणालास की पुढच्या माणसाने सोमवारचं काम त्यावर बेतलेलं असतं. जमणार नसेल तर बुधवारीच सरळ ‘नाही’ म्हण. त्याने कुणी दुखावत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलेल्या अडचणीने मात्र पत जाते. आणि ‘हे चुकलंय’ असं तुला तोंडावर सांगणारा माणूस दहा मिनिटांनी जेवायला चल म्हणाला, तर बुचकळ्यात पडू नकोस. त्याने कामाला चूक म्हटलं, तुला नाही.

वेळेचा एक सापळा आहे. ‘हाल्ब फिअर’ म्हणजे शब्दशः ‘अर्धा चार’, पण अर्थ साडेतीन. आपण साडेचार समजून तासभर उशिरा पोहोचतो. आकड्यांत मात्र मराठी कामी येते: पंचविसाला ते ‘पाच आणि वीस’ म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच एकक आधी. इंग्रजीतून मोजशील तर फोन नंबर उलटासुलटा लिहून घेशील.

कागदाचंही तसंच. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. नुसता भाडेकरार पुरत नाही. शहरात भेटीची वेळ, म्हणजे ‘टेर्मिन’, आठवडेच्या आठवडे मिळत नाही, म्हणून घर पक्कं होताच ती घेऊन ठेव. करक्रमांक या नोंदणीनंतर पोस्टाने येतो. पत्रपेटीवर तुझं आडनाव नसेल तर पत्र परत जातं, मग पगारातून कर जास्त कापला जातो आणि आपण उगाच कंपनीवर चिडतो. आधी पेटीवर नाव चिकटव.

श्टुटगार्टकडचा खास प्रकार म्हणजे ‘केअरवोख’, झाडलोटीची पाळी. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात तुझ्या मजल्याचा जिना तू झाडून पुसायचास. मोठ्या पाळीत अंगण, तळघर आणि फुटपाथही येतात. जिना स्वच्छच दिसतोय म्हणून पाळी चुकवू नकोस. शेजारी धूळ नाही, पाळी बघतात. हे जरा अतीच आहे, पण वाद घालण्यापेक्षा जिना पुसणं सोपं. रविवारी आणि रात्री दहा ते सकाळी सहा ड्रिल, हातोडा बंद.

हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळव, तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी दिवसभर किलकिली ठेवलीस तर भिंत गार पडते, कुकरची वाफ आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांची ओल तिच्यावर धरते आणि कोपऱ्यात बुरशी येते. यापायी अनामतीतून पैसेही कापले जाऊ शकतात.

राहिला वाढदिवस. आधल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तर तो अपशकुन मानतात. आणि तुझ्या वाढदिवसाला ऑफिसात केक तूच न्यायचास, कापायची सुरीही सोबत.

तुझा,
दादा