पाण्याकडे धावणाऱ्या मुलाला सेलिंगला न्यायचं का?

"मॅडम, आधीच हा पाणी दिसलं की हात सोडून पळतो, त्याला बोटीत बसवलं तर ही ओढ अजून वाढणार नाही का?" ऑटिझम असलेल्या मुलांचे आईवडील मला हे सारखं विचारतात, कधी स्विमिंगच्या निमित्तानं, कधी कोकणच्या ट्रिपच्या. यावेळी विचारलं मेलबर्नला राहणाऱ्या एका मराठी आईनं, आमची सेशन्स ऑनलाइन चालतात. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे डिटेल्स बदलून लिहितेय.

मुलगा नऊ वर्षांचा. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलणं नाही, आवाजाचा प्रचंड त्रास, मिक्सर सुरू झाला की दोन्ही कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जाऊन बसतो. एकदा दार उघडं राहिलं तर सरळ जवळच्या तळ्याकडे निघाला होता, शेजाऱ्यांनी बघितलं म्हणून निभावलं, तेव्हापासून या बाईला शांत झोप नाही. त्यात व्हिसा टेम्पररी, म्हणजे तिथल्या सरकारची एनडीआयएस, म्हणजे अपंगांसाठीच्या योजनेची, मदत नाही, कारण ती मुख्यतः सिटिझन आणि पर्मनंट रेसिडेंट लोकांना मिळते, त्यामुळे स्पीच थेरपी, ओटी (रोजची कामं जमावीत म्हणून असलेली ऑक्युपेशनल थेरपी) सगळं खिशातून चाललेलं. अशात कुणीतरी त्यांना सेलेबिलिटीबद्दल सांगितलं. अपंग मुलामाणसांना शिडाच्या बोटी चालवायला मिळाव्यात म्हणून हा कार्यक्रम असतो, ऑस्ट्रेलियात बऱ्याच ठिकाणी व्हॉलंटियर्सच्या जोरावर चालतो. बाबा एकदम तयार, आईचं मात्र मन धजेना, शिवाय वेळ नेमकी शनिवारी सकाळची, म्हणजे स्पीचच्या तासाची.

मी तिला आधी हेच सांगितलं की ताई, तुमची भीती अगदी बरोबर आहे, ती कुणी उगाच घालवायचा प्रयत्न केला तर ऐकू नका. २०१७ साली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की ऑटिझम असलेल्या लहान मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका बाकीच्या मुलांपेक्षा सुमारे १६० पट आहे. त्याच संशोधकांचं म्हणणं होतं की निदान झालं की लगेच पोहायला शिकवा, बाकीच्या थेरप्यांच्याही आधी. ओढ बोटीमुळे लागत नाही हो, ती आहेच, आपण पाणी टाळलं म्हणून मूल टाळत नाही. म्हणून आमचं पहिलं काम सेलिंग नव्हतंच. दाराला वरच्या बाजूला कडी, दार उघडलं की वाजणारी घंटी, शेजारच्या दोन घरांना मुलाचा फोटो आणि यांचा नंबर, आणि पोहण्याचा क्लास, हे आधी. बोटीत बसायला लागला म्हणजे पाण्याजवळ सेफ झाला असं कुणीही समजू नये, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावंच लागतं.

मग जॅकेट. लाइफ जॅकेटचा दाब आणि पायांमधून येणारा पट्टा या मुलांना नको असतो, पण लहान मुलांना तो पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं. त्यांनी क्लबकडूनच एक जॅकेट घरी आणलं, कार्टून बघताना पाच-पाच मिनिटं घालायला लावलं, हळूहळू वेळ वाढवली. नियम एकच, जॅकेट अंगात असेल तरच धक्क्यावर पाऊल. या मुलांना नियम एकदा बसला की ते आपल्यापेक्षा कडक पाळतात, तो गुण इथे कामाला येतो. पहिल्या शनिवारी बोटीत बसलेच नाहीत, नुसते बोटी बघून परत आले, आणि ते मला फार आवडलं.

बोट होती हान्सा ३०३. ही ऑस्ट्रेलियातच तयार झालेली, जेमतेम तीन मीटरची, खाली वजनदार कील (तळातून पाण्यात उतरणारी जड फळी) असल्यामुळे सहसा उलटत नाही, दोघं शेजारी-शेजारी पुढे तोंड करून खोल बसतात आणि सुकाणू मध्ये असलेल्या जॉयस्टिकनं फिरतं. मुलाच्या शेजारी एक अनुभवी व्हॉलंटियर, बाबा मागच्या रेस्क्यू बोटीत.

आणि जे व्हायचं तेच झालं, धक्क्यावरून सुटल्यावर शीड वाऱ्यावर फडफडायला लागलं, तो आवाज चांगलाच मोठा असतो, याचे हात कानांवर, तोंडातून ओरडणं सुरू. धक्क्यावर उभ्या आईनं काय सोसलं असेल ते तीच जाणे. त्या व्हॉलंटियर काकांनी समजावलं नाही, हात धरला नाही, त्याला दिसेल अशी शिडाची दोरी हळूच ओढली, शिडात वारा भरला आणि फडफड बंद. मग परत सैल सोडली, फडफड चालू. असं दोनदा केल्यावर पोरानं एक हात कानावरून काढला आणि दोरी स्वतः ओढली. आवाज थांबला आणि वर बोट पुढे निघाली!! आईनं मोबाइलवर काढलेली क्लिप मी कितीतरी वेळा बघितलीय, कारण या मुलाच्या आयुष्यात नको असलेला आवाज कायम दुसऱ्या कुणीतरी बंद केलेला असतो, इथे तो त्याच्या हातानं बंद झाला, आणि त्यासाठी त्याला एक शब्दही बोलावा लागला नाही.

मग आईचा दुसरा प्रश्न, ही खरंच थेरपी आहे का, स्पीचचा तास सोडण्याइतकी? माझं मत स्पष्ट आहे. सेलिंगनं ऑटिझम बरा होत नाही, यावरचे अभ्यास थोडे आणि छोटे आहेत, कुणी मोठमोठे दावे करून पॅकेज विकत असेल तर लांब राहा. पण मुलाला खेळ हवा असतो, जिथे कुणी त्याला मार्क देत नाही असा वेळ हवा असतो, आणि हे हवं असायला थेरपीचा शिक्का लागत नाही. स्पीचचा तास आम्ही बुधवारी हलवला. तिथल्या थेरपिस्टनं दोरी, ओढ, सोड, थांब यांची चित्रं करून घेतली, त्यातलं "ओढ" तो आता घरात पडद्यासाठी वापरतो. तळ्याकडे पळायची ओढ गेली का? नाही. कडी आणि घंटी अजून आहे आणि राहणार.

आपल्याकडचे पालक विचारतात, इथे काय? मुंबईत, गोव्यात सेलिंग क्लब आहेत, पण शिकणाऱ्या मुलांना बहुतेक ऑप्टिमिस्ट देतात, ती एकट्यानं चालवायची छोटी बोट आहे आणि उलटू शकते, तेव्हा आपल्या मुलाला त्यात एकटं बसवू नका, कोच सोबत बसेल अशी मोठी बोट मागा. पावसाळ्यात विषयच नको. फिट्स येत असतील तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय जाऊ नका, डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या. क्लबला विचारा की रेस्क्यू बोट पाण्यात असते का, मुलानं "बस" कसं सांगायचं ते कोच शिकून घेईल का, आणि नको म्हटलं तर लगेच परत आणतील का. उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तिथे मुलाला सोडू नका. मला विचारायचं असेल तर मुलाचं वय, फिट्सची हिस्टरी आणि पाण्याजवळ गेल्यावर तो नेमकं काय करतो एवढं लिहून पाठवा, म्हणजे नीट बोलता येईल.