पहिलीच्या प्रवेशासाठी आरडी मोडावी का?

ताई, सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून आलेले तुमचे पत्र मी दोनदा वाचले. चार एकर कोरडवाहू वावर, गेल्या हंगामात खर्च वजा जाता हाती आलेले 75 हजार रुपये आणि तुमच्या शिवणकामाचे महिन्याला दोन-अडीच हजार, एवढ्यावर चालणाऱ्या तुमच्या घरातली सहा वर्षांची लेक यंदा पहिलीत जाणार आहे. तिला 14 किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालावे, त्याआधी उन्हाळ्यात 'शाळापूर्व तयारी'चा 5 हजारांचा वर्ग लावावा आणि त्यासाठी 40 हप्ते भरून झालेली पोस्टातली आरडी, म्हणजे दरमहा हप्त्याने भरायची आवर्ती ठेव, मोडावी, असा तुमचा विचार आहे. आरडी मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्याजाचे नुकसान हे त्याचे सर्वांत लहान कारण आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पोस्टाची पाच वर्षांची आरडी तीन वर्षांनंतर बंद करता येते, परंतु तेव्हा ठरलेल्या दराऐवजी बचत खात्याच्या 4 टक्के दराने व्याज मिळते. दरमहा 1 हजाराप्रमाणे तुम्ही 40 हजार भरले आहेत. आज मोडल्यास हाती पावणेत्रेचाळीस हजारांच्या आसपास येतील, आणि उरलेले 20 हप्ते भरले तर हीच रक्कम सत्तर हजारांच्या घरात जाईल.

आता तुम्हीच कळवलेला खर्च पाहू. शाळेची फी 18 हजार, व्हॅनचे दहा महिन्यांचे 12 हजार, पुस्तके-गणवेश-बूट मिळून 6 हजार आणि वर्गाचे 5 हजार, म्हणजे 41 हजार. तीन वर्षांहून अधिक काळ साठवलेली आरडी पहिल्याच वर्षी संपते. दुसरीच्या वर्षी वर्ग नसला तरी 36 हजार लागतीलच, आणि ते शेतीच्या निव्वळ उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मे आहेत. कापसाला भाव न मिळालेल्या वर्षी फी भरता आली नाही म्हणून तिसरीतल्या मुलाला इंग्रजी माध्यमातून काढून मराठी शाळेत आणावे लागलेले घर मी जवळून पाहिले आहे. त्या मुलाला धड इंग्रजी वाचता येत नव्हते आणि मराठीही. ती वेळ तुमच्या लेकीवर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

शिवाय ही रक्कम हातातून जाणार ती नेमकी पेरणीच्या तोंडावर. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात, आणि तेव्हाच बियाणे-खताला पैसा लागतो. तीन एकर पऱ्हाटीसाठी, म्हणजे कापसासाठी, एकरी दोन या हिशेबाने सहा पाकिटे, प्रत्येकी 900 रुपयांच्या आसपास. डीएपी खताची एक गोणी 1,350 रुपयांना. त्यानंतर निंदण, डवरणी, फवारणी आहेच. पावसाने दडी मारून दुबार पेरणी करावी लागली आणि घरात काहीच नसले, तर माणूस महिना 3 टक्क्यांनी देणाऱ्या सावकाराकडे जातो, आणि महिना 3 टक्के म्हणजे वर्षाला 36 टक्के होतात. आरडी शाबूत असेल तर पोस्ट जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज देते, तेही आरडीच्या दरापेक्षा फक्त 2 टक्के जास्त व्याजाने. तुमच्यासाठी ती आरडी म्हणजे अडचणीच्या काळातील 20 हजारांची सोय आहे.

तयारीच्या वर्गाविषयी अधिकच स्पष्ट लिहितो. 'प्रवेशाच्या मुलाखतीत मूल मागे पडू नये' असे तुम्हाला सांगितले गेले. परंतु प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे 2009 च्या कायद्याच्या कलम 13 ने, मनाई केली आहे. ज्या परीक्षेची भीती घालून पैसे मागितले जातात, ती परीक्षाच घेता येत नाही. त्याच कायद्यातील खासगी शाळांमधल्या 25 टक्के मोफत जागांबद्दलही तुम्ही विचारले आहे. त्यात घरापासूनचे अंतर पाहिले जाते आणि 14 किलोमीटरवरील शाळा त्यात बसण्याची शक्यता फार कमी आहे.

पहिलीसाठी मुलाला जे यायला हवे, ते तुमच्या घरात आहे. तुरीचे दाणे दहा-दहाच्या ढिगाने मांडायला द्या, मग त्यातले तीन उचलून किती उरले ते विचारा. आठवडी बाजारात तिच्या हाती 20 रुपये देऊन कोथिंबीर तिलाच घेऊ द्या आणि सुटे पैसे तिलाच मोजू द्या. तुम्ही शिवलेल्या फ्रॉकची बटणे तिची तिला लावता यावीत, डब्याचे झाकण तिला उघडता यावे, आणि एसटीच्या पाटीवरचे 'दारव्हा' तिने अक्षरावर बोट ठेवून वाचावे. रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर अर्धा तास पुरे. जिल्हा परिषदेच्या शाळांतही 2022 पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. तुमच्या गावच्या मेळाव्याची तारीख गुरुजींकडे विचारा.

गावची शाळा डोळे मिटून निवडा, असे मी म्हणणार नाही. पाठ्यपुस्तके, गणवेश आणि दुपारचा आहार तेथे मोफत मिळतो, आणि महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजीही पहिलीपासूनच शिकवली जाते. तरीही शाळा कशी चालते हे स्वतः पाहावे. एका शिक्षकाकडे किती वर्ग आहेत ते विचारा आणि गल्लीतल्या तिसरी झालेल्या दोन-तीन मुलांना एक पान मोठ्याने वाचायला सांगा. त्यांना ते जमले नाही तर तालुक्याच्या अनुदानित मराठी शाळेचा विचार करा. तेथे मुख्य खर्च व्हॅनचाच राहील. पाचवीपासून खेड्यातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, हेही लक्षात ठेवा.

आरडी न मोडता शिवणकामातून थोडे पैसे बाजूला पडत असतील, तर ते जुलैअखेरपर्यंत बचत खात्यात दुबार पेरणीसाठी राहू द्या. त्यातले 250 रुपये मात्र आताच काढून लेकीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडा. ते दहा वर्षांच्या आतील मुलीसाठीच उघडता येते आणि वर्षाला किमान 250 रुपये भरले तरी चालू राहते. आरडीचे 20 हप्ते पूर्ण झाले की तोच महिन्याचा 1 हजार सुकन्यात वळवा. दहावीनंतर किंवा अठराव्या वर्षी शिक्षणासाठी त्यातली निम्मी रक्कम काढता येते, आणि तुम्हाला खऱ्या अर्थाने मोठी फी भरावी लागेल ती तेव्हाच.

या महिन्याचा आरडीचा हप्ता राहिला असेल, तर तो आधी भरून टाका.