पापणी खाली आलीये म्हणजे नक्की काय खाली आलंय?

पापणीच्या ऑपरेशनवर या वेळी बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतलीत. सगळ्यांचा सूर एकच, हे दुखणं आहे की हौस?

प्रश्न : मी ६१ वर्षांची, रिटायर्ड शिक्षिका, सांगली. वरच्या पापण्या इतक्या लोंबतात की वाचताना भुवया वर ताणून धराव्या लागतात, संध्याकाळी कपाळ ठणकतं. ऑपरेशनचं नाव काढलं की घरचे म्हणतात या वयात कसली हौस. मेडिक्लेम मिळेल का?

उत्तर : ताई, हौस असती तरी काय बिघडलं असतं, पण तुमची हौस दिसत नाहीये. कपाळ ठणकतं कारण पापणीचं काम कपाळाचा स्नायू दिवसभर करतोय, अशा लोकांचे जुने फोटो बघा, भुवया वर आणि चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा.

आधी एक गोष्ट घरीच आरशात बघा. कपाळ सैल सोडा, भुवई बोटाने हाडावर हलकी दाबून धरा म्हणजे ती मदतीला येणार नाही, आणि समोर बघा. मग कापसाच्या इअरबडने लोंबणारी कातडी हळूच उचला. त्या कातडीखालची वरच्या पापणीची कड, जिथे केस असतात ती, बुबुळाच्या वरच्या टोकाला एक-दोन मिलिमीटर झाकत असेल तर ती जागेवर आहे, नुसती कातडी जास्त झालीये. पण कडच बाहुलीजवळ, म्हणजे बुबुळाच्या मधल्या काळ्या ठिपक्याजवळ, आली असेल तर पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड सैल झालीये, त्याला टोसिस म्हणतात. वयामुळे होतो, वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना होतो, कधी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही दिसतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे भुवईच खाली सरकलेली असते. आता गंमत अशी की कातडी काढायचं ऑपरेशन, म्हणजे ब्लेफरोप्लास्टी, टोसिसवाल्याची केली तर कातडी जाते आणि पापणी तिथेच राहते, मग पेशंट म्हणतो पैसे पाण्यात. म्हणून किती खर्च हे विचारायच्या आधी काय सैल झालंय हे विचारा, आणि ते ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्यांची आणि डोळ्याभोवतीची प्लास्टिक सर्जरी, करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाला विचारा.

मेडिक्लेमचं असं आहे की कॉस्मेटिक सर्जरी ही आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये ठरलेली वगळणूक आहे, अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती किंवा तब्येतीसाठी गरजेचं आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं, एवढंच त्यातून सुटतं. त्यामुळे कागद आधी, ऑपरेशन नंतर. फील्ड टेस्ट, म्हणजे नजर सरळ ठेवून आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणारी तपासणी, दोनदा करून घ्या, एकदा पापणी आहे तशी आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून, दोन्हीत वरच्या बाजूचं दिसणं किती वाढतं ते छापून येतं. समोरून आणि बाजूने फोटो, डॉक्टरांचं पत्र, आणि प्री-ऑथ, म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी, आलं की मगच तारीख. एवढं करूनही नकार येऊ शकतो, पण मग निदान भांडायला कागद असतो. सोबत डोळ्यांखालच्या पिशव्याही काढून टाका म्हणालात तर तो खर्च बहुतेक स्वतःच्या खिशातून.

ऑपरेशन साधारण तासाभराचं, सुन्न करायचं इंजेक्शन देऊन, टाके ५-७ दिवसांत निघतात, व्रण पापणीच्या घडीत लपतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. डोळे कोरडे पडत असतील तर तेही आधी सांगा, ऑपरेशननंतर कोरडेपणा वाढू शकतो.

प्रश्न : बाबांना शुगर आहे. परवापासून एक पापणी अचानक पडली, एकाच्या दोन वस्तू दिसतात, डोकं दुखतंय. ऑपरेशन कुठे करावं?

उत्तर : याला आम्ही त्याच दिवशी फोन करून उत्तर दिलं, इथे बाकीच्यांसाठी छापतोय. अचानक पडलेली पापणी हे पापणीचं काम नाही, नसेचं आहे. सोबत डोकेदुखी, दोन-दोन दिसणं आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा नसेवर दाबत असू शकतो, तासाभरात मोठं हॉस्पिटल गाठायचं. शुगरमुळेही हीच नस लंगडते आणि ती बरेचदा काही महिन्यांत आपोआप सुधारते, पण हे ते आहे की ते, हे घरी ठरवायचं नसतं. आणखी एक, सकाळी ठीक आणि संध्याकाळपर्यंत पापणी मिटत जाते असं असेल तर मायस्थेनिया, म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार, तपासतात, तिथे आधी औषध.

प्रश्न : वय २७, आयटीत आहे, पुणे. डोळ्यांखाली पिशव्या आणि काळेपणा. लग्न दोन महिन्यांवर. करू का?

उत्तर : आत्ता नको. सूज आणि निळेपणा साधारण दोन आठवड्यांत ओसरतो, पण डोळा पूर्ण बसायला काही महिने जातात आणि लग्नाचे फोटो थांबत नाहीत. काळेपणा ऑपरेशनने जात नाही, जाते ती पुढे आलेली चरबी, आणि तरुण वयात ती पापणीच्या आतल्या बाजूने काढतात, बाहेर व्रण दिसत नाही. अ‍ॅलर्जीने डोळे चोळायची सवय असेल तर आधी ती थांबवा, बराच काळपटपणा तिथूनच येतो कित्येकांचा. पुढे कधी केलंच तर एक लक्षात ठेवा : त्या रात्री डोळा जोरात दुखायला लागला, बाहेर आल्यासारखा वाटला किंवा दिसेनासं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टरांना उठवायचं. डोळ्यामागे रक्त साठणं फार क्वचित होतं, पण झालं तर नजर जाऊ शकते. ब्युटी पार्लरमधल्या ऑफर का नकोत ते यातच आलं.

प्रश्न : नात १४ महिन्यांची. जन्मापासून डावी पापणी अर्धी. सासूबाई म्हणतात मोठी झाली की उघडेल. थांबावं का?

उत्तर : जन्मतःच स्नायू नीट तयार झालेला नसेल तर पापणी वाढत्या वयात उघडत नाही. बाहुली झाकली जात असेल तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही, डोळा आळशी होतो, आणि मग पुढे पापणी कितीही छान उचलली तरी नजर येत नाही. मोबाईलमधले फोटो चाळा, ती बघताना हनुवटी वर करते का? बाहुली मोकळी असेल तर ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबता येतं, मधे चष्म्याचा नंबर तपासत राहायचं, कारण पापणीच्या दाबाने तिरका नंबर येतो. झाकली जात असेल तर याच वयात सिलिकॉनच्या दोरीने पापणी कपाळाच्या स्नायूला बांधतात. त्यानंतर झोपेत डोळा थोडा उघडा राहतो, घाबरू नका, रात्री मलम घालायचं. लहान मुलांचे डोळे बघणाऱ्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा, सासूबाईंनाही सोबत न्या.