फूट ड्रॉप स्टिम्युलेटर रुग्णापर्यंत नेण्यासाठी कोणते प्रशिक्षण घ्यावे?

आपण नाशिकमध्ये पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, पक्षाघातानंतर लोंबणाऱ्या पावलासाठी (फूट ड्रॉप) मज्जातंतू उद्दीपित करणारे उपकरण, म्हणजे स्टिम्युलेटर, आपण बनवले आहे, ते निरोगी सहकाऱ्यांच्या पायावर व्यवस्थित चालते, आणि आता क्लिनिकल रिसर्चचा कोणता प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा, असे आपण विचारले आहे. मी या शहरात एकवीस वर्षे न्यूरो-फिजिओथेरपी करतो आणि या काळात तीन अभियंत्यांच्या चाचण्यांत सहभागी होतो. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की अभ्यासक्रम जरूर करावा, पण त्याआधी निदान चार महिने, आठवड्यातून दोन दिवस, पुनर्वसनाच्या ओपीडीत बसावे, आणि तेही स्वतःचे उपकरण पिशवीतच ठेवून.

मूळ तत्त्व नवे नाही. लिबर्सन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्येच टाचेखाली स्विच ठेवून, टाच उचलली जाताच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या पेरोनिअल नर्व्हला (मज्जातंतूला) विद्युत स्पंद देऊन पाऊल वर उचलून दाखवले होते. तरीही हे उपकरण आपल्याकडे सर्रास दिसत नाही, याची कारणे सर्किटमध्ये शोधून सापडत नाहीत.

आमच्याच एका चाचणीतली चूक सांगतो. निफाडकडच्या एका बाईंना पूर्वी सौम्य पक्षाघात झाला होता आणि त्याच बाजूचे पाऊल लोंबत होते, म्हणून त्यांना चाचणीत घेतले गेले. करंट वाढवत नेला तरी पाऊल हलेना. बाई मात्र ‘औषध कडू असतंच’ अशा समजुतीने कळ सोसत बसल्या होत्या. दोन बैठका वाया गेल्यावर कोणीतरी विचारले, तेव्हा कळले की पाऊल पक्षाघातानंतर नव्हे, तर कित्येक महिन्यांनी, कांद्याच्या लागवडीत दिवसच्या दिवस उकिडवे बसल्यानंतर पडले होते. उकिडवे बसल्याने गुडघ्याच्या किंचित खाली, फिब्युला या पायाच्या बाहेरच्या हाडाच्या मानेजवळ ही नर्व्ह दाबली जाते, आणि ती बरीच दाबली गेली तर तिचे तंतू पुढे झडतात. मेंदूतील इजेमुळे पाऊल पडले असेल तर खालची नर्व्ह शाबूत असते, म्हणून दोन-तीनशे मायक्रोसेकंदांचा स्पंद पुरतो. तंतूच झडले असतील तर स्नायूला थेट जागे करण्यासाठी त्याच्या कितीतरी पट लांब स्पंद लागतो, आणि तो आपल्या यंत्रासारख्या यंत्रातून मिळत नाही. कुष्ठरोगात पाऊल पडते तेव्हाही हीच गोष्ट असते. स्पंदाची तीव्रता आणि कालावधी यांचा आलेख आपण पाठ केला असेलच, पण समोरचा रुग्ण त्या आलेखात कुठे बसतो हे रुग्णाचा इतिहास नीट विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट घरातली. टाचेचा स्विच बुटात बसतो, आणि आपल्याकडे माणूस चपला उंबऱ्याबाहेर काढून दिवसभर अनवाणी वावरतो. तेव्हा स्विचऐवजी नडगीच्या कलावर चालणारा सेन्सर वापरायचा का, हा निर्णय प्रयोगशाळेत नव्हे, रुग्णाच्या घरी व्हायला हवा. सुरगाण्याहून एसटीने येणारा रुग्ण दर आठवड्याला इलेक्ट्रोडची जागा तपासून घ्यायला येणार नाही, आणि एप्रिल-मेमध्ये जेलचे इलेक्ट्रोड घामाने सुटतात.

चाचणीच्या आखणीबद्दल एवढेच म्हणेन की तुलना कशाशी करायची हे आधी ठरवावे. या थेरपीत रुग्णाला मुंग्या जाणवतात आणि पाऊल उचललेले दिसते, त्यामुळे खोटे उद्दीपन देऊन त्याला अंधारात ठेवता येत नाही. घोटा आणि पाऊल आधार देऊन धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या एएफओ पट्टीशी तुलना हाच प्रामाणिक मार्ग आहे, आणि तोही सोपा नाही: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९७ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत चालण्याचा वेग दोन्ही गटांत सुधारला, पण गटांत फरक दिसला नाही, समाधान मात्र स्टिम्युलेटर वापरणाऱ्यांत अधिक होते. आपले यंत्र पट्टीपेक्षा अधिक काय देते, याचे उत्तर आपल्याकडे वेगाच्या आकड्यापलीकडचे असायला हवे.

थेरपिस्टलाही या थेरपीचा भाग समजावे. पक्षाघातानंतर हाताच्या हालचालीसाठी मानेतून जाणाऱ्या व्हेगस नर्व्हच्या उद्दीपनाला अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये परवानगी मिळाली, ती ज्या १०८ रुग्णांच्या चाचणीवर आधारलेली होती, तिच्यात रुग्ण हालचाल करीत असताना थेरपिस्ट बटण दाबून स्पंद देत असे. ती वेळ चुकली तर उपचाराचा गाभाच हरवतो. म्हणून आपल्या प्रबंधात थेरपिस्टने काय, कधी आणि किती वेळा करायचे हे यंत्राच्या आकृतीइतक्याच तपशिलाने लिहावे.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली आपले यंत्र कोणत्या वर्गात येते आणि त्याच्यासारखे मान्यताप्राप्त यंत्र आधीच आहे का, हे प्रथम पाहावे. ते नवे तपासाधीन उपकरण ठरले तर एमडी-२२ अर्ज करून एमडी-२३ परवानगी घ्यावी लागते. नीतिमत्ता समितीची मान्यता आणि सीटीआरआय या भारतातील क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीतील नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वी व्हायला हवी. मज्जातंतू व स्नायू उद्दीपकांसाठी आयईसी ६०६०१-२-१० हे स्वतंत्र मानक आहे, ते आजच मिळवून वाचावे. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात बोर्ड चांगला बनतो, म्हणून तो मानकात बसतोच असे नाही. अभ्यासक्रमाचा खरा उपयोग या टप्प्यावर होतो, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, तेव्हा चौकशी तिथूनच सुरू करावी.

त्याआधी, या आठवड्यातच, एक काम करून पाहावे. पक्षाघाताच्या रुग्णाचा त्याच बाजूचा हातही बहुधा चालत नसतो. आपला उजवा हात पाठीमागे बांधून, केवळ डाव्या हाताने, उजव्या गुडघ्याखाली इलेक्ट्रोड योग्य जागी लावून पट्टा आवळावा आणि पाऊल वर येते का ते पाहावे. पाच मिनिटांत जमले नाही, तर अर्ज भरण्यापूर्वी पट्टा बदलावा.