इंटिग्रेटेड रेट लॉ: सूत्राआधी ऑर्डर बघ

इंटिग्रेटेड रेट लॉ म्हणजे किती वेळाने अभिक्रियाकारकाची संहती (कॉन्सन्ट्रेशन) किती उरते ते सांगणारं सूत्र. त्याचं गणित वाचलं की लगेच २.३०३ वालं सूत्र (वेळ = २.३०३ भागिले वेगस्थिरांक, गुणिले log(सुरुवातीची संहती भागिले उरलेली संहती)) लिहायला घेऊ नकोस. ते फक्त फर्स्ट ऑर्डरचं आहे. ऑर्डर म्हणजे अभिक्रियेचा वेग संहतीच्या कितव्या घातावर अवलंबून आहे ते. ऑर्डर बहुतेक वेळा प्रश्नातच दडलेली असते. वेगस्थिरांकाचं एकक 'प्रति सेकंद' किंवा 'प्रति मिनिट' दिसलं की फर्स्ट ऑर्डर, 'मोल प्रति लिटर प्रति सेकंद' असेल तर झिरो. एकक नसेल तर अर्धायुकाल, म्हणजे संहती निम्मी व्हायला लागणारा वेळ, बघ. संहती ०.८ वरून ०.४ आणि ०.४ वरून ०.२ व्हायला सारखाच वेळ लागत असेल तर फर्स्ट ऑर्डर. दुसऱ्या टप्प्याला दुप्पट वेळ लागला तर सेकंड, निम्मा लागला तर झिरो.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते 'किती उरलं' आणि 'किती संपलं' यांच्या गोंधळात. समज, फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेचा अर्धायुकाल २० मिनिटं आहे आणि ९०% पूर्ण व्हायला लागणारा वेळ हवाय. सूत्रात १०० भागिले १० येईल, ९० नाही. वेगस्थिरांक ०.६९३ भागिले २०, म्हणजे ०.०३४६५ प्रति मिनिट, log १० म्हणजे १, म्हणून २.३०३ ला त्याने भागलं की साधारण ६६.५ मिनिटं. आता पडताळून बघ: तीन अर्धायुकालांत, म्हणजे ६० मिनिटांत, १२.५% उरतं. १०% उरायला थोडा जास्त वेळ, बरोबर जुळतं. हा अंदाज मी आकडेमोडीच्या आधीच करायला सांगेन.

वायूंच्या गणितात एकूण दाब दिला असेल तर तो थेट सूत्रात घालू नकोस. एका रेणूपासून दोन होत असतील आणि सुरुवातीला फक्त अभिक्रियाकारकच असेल, तर त्याचा उरलेला दाब म्हणजे सुरुवातीच्या दाबाची दुप्पट वजा एकूण दाब.