पगार वाढला की घरचं राहणीमान वाढतंच का?
वाढतं ना भाऊ, पण पगाराच्या आकड्याइतकं नाही. आपल्या नागपुरात मे महिन्यात बघा, पारा 45 च्या आसपास, कोणाकडे खसच्या ताट्यांचा कूलर घरघर करून राहिला तर कोणाकडे दोन खोल्यांत एसी, आणि एसी काय हप्त्यावर कोणीपण घेते, त्याचं बिल दर महिन्याला भरणं हा खरा प्रश्न. कमाई कमी असली की किराणा, भाडं, पोरांची फी यातच पैसा संपतो, 2023-24 च्या सरकारी खर्च पाहणीत शहरी घरांचा जवळपास 40 टक्के खर्च खाण्यावरच दिसला. कमाई वाढली की हा वाटा घटतो, एंगेल नावाच्या जर्मन माणसानं 1857 लाच मांडलेलं हे.

पण एकट्याचा पगार नका बघू, घराची एकूण कमाई आणि खाणारी तोंडं किती ते बघा. महाल या जुन्या वस्तीत बापजाद्याच्या घरात राहणारा 30 हजारवाला, मनीषनगरात फ्लॅटचा ईएमआय भरणाऱ्या 60 हजारवाल्यापेक्षा बरेचदा निवांत असतो. शहराबाहेर मिहानच्या कंपन्यांत रोज गाडीनं जाणं असलं तर पेट्रोल अजून वेगळं.